उंदराच्या सातबाऱ्यावर नाव कुणाचे?

जुन्नर तालुक्यात आळे गावी एका रेड्याची समाधी आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा आळंदीच्या वाटेवर इथे निवर्तला आणि माउलींनीच त्याला समाधी दिली, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. चैत्रात तिथे यात्रा भरते. याच तालुक्यात अष्टविनायकांपैकी दोघे नांदतात, ओझरचा विघ्नहर आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज; आणि गणपती म्हटला की त्याच्या पायाशी उंदीर आलाच. शेजारच्या आंबेगावात यात्रेच्या दिवसांत घाटावर बैलगाडे पळतात. भोंग्यावरून पुकारा होतो तो मालकाच्या नावाचा, पण गर्दीचे डोळे असतात बैलांवर.

अशा मुलखात वाढणाऱ्या पोराला जनावर बोलते, रुसते, शहाणपण शिकवते याचे नवल वाटत नाही. म्हणूनच नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी बदकांची आणि अस्वलांची कार्टूने सुरू झाली, तेव्हा ती परकी वाटली नाहीत. या सगळ्या गोतावळ्यातला वडीलधारा म्हणजे एक उंदीर. त्याचे नाव मिकी. शेतकऱ्याच्या कणगीचा हा वैरी दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर, वाढदिवसाच्या केकवर येऊन बसला आणि आई-आजीनेही त्याला हाकलले नाही. २०२८ मध्ये त्याला शंभर वर्षे होतील. हा उंदीर इतका का टिकला, याचे उत्तर त्याच्या मालकाच्या आयुष्यात शोधावे लागते. आणि ते आयुष्य शोधू लागलो की मालक नक्की कोण, हाच प्रश्न पुढे येतो.

गेलेली जमीन

वॉल्टर एलियास डिस्नेचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी अमेरिकेतल्या शिकागो शहरात झाला. चार भाऊ आणि एक बहीण अशा पाच भावंडांत हा चौथा. वडील एलियास कष्टाळू, कडक, आणि हात घालतील त्या धंद्यात अपयशी. १९०६ मध्ये त्यांनी मिसुरी राज्यातल्या मार्सेलिन नावाच्या लहान गावाजवळ चाळीसेक एकर जमीन घेतली. गाई, डुकरे, कोंबड्या, सफरचंदाची झाडे आणि जवळून धडधडत जाणारी आगगाडी! चार-पाच वर्षांच्या वॉल्टला याहून काय हवे? शेजारच्या एका वृद्ध डॉक्टरांनी त्याच्याकडून आपल्या घोड्याचे चित्र काढून घेतले आणि वर पैसेही दिले. एकदा त्याने धाकट्या बहिणीला हाताशी धरून घराच्या पांढऱ्या भिंतीवर डांबराने चित्रे रंगवली. ती काही केल्या पुसली जाईनात.

पण शेती पिकेना. थोरली दोन मुले घर सोडून निघून गेली, वडील आजारी पडले, शेवटी जमीन विकावी लागली. १९११ मध्ये कुटुंब कॅन्सस सिटी या शहरात आले. वडिलांनी वर्तमानपत्रे टाकण्याचे काम घेतले आणि नऊ वर्षांचा वॉल्ट भाऊ रॉयबरोबर उजाडण्याआधी, बर्फ तुडवत, दारोदार पेपर टाकू लागला. पुढे वर्गात बसल्या बसल्या त्याचे डोळे मिटत. मार्सेलिनची ती जेमतेम पाच वर्षे मात्र त्याच्या मनातून कधी गेली नाहीत. शेतीवाडी विकून शहराच्या चाळीत आलेल्या आपल्याकडच्या कितीतरी घरांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, वय भरत नसताना कागदावर खाडाखोड करून तो रेडक्रॉसमध्ये शिरला. फ्रान्सला पोहोचेतो युद्ध संपलेले. तिथे त्याने गाड्या हाकल्या आणि गाडीवर चित्रे काढली. परतल्यावर कॅन्सस सिटीतल्या एका जाहिरातीच्या स्टुडिओत त्याला अब आयवर्क्स नावाचा त्याच्याच वयाचा अबोल चित्रकार भेटला. हे नाव लक्षात ठेवावे.

ससा गेला

दोघांनी हलत्या चित्रांचा नाद धरला. वॉल्टची पहिली कंपनी १९२३ मध्ये बुडाली. खिशात चाळीस डॉलर घेऊन तो हॉलिवूडला भावाकडे गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात वॉल्ट आणि रॉय यांनी मिळून स्टुडिओ काढला. रॉय हिशेब सांभाळी, वॉल्ट कल्पना लढवी. आयवर्क्सही मागोमाग आला. स्टुडिओत काम करणाऱ्या लिलियनशी १९२५ मध्ये वॉल्टचे लग्न झाले. १९२७ मध्ये त्यांनी ऑस्वल्ड नावाचा लांब कानांचा ससा पडद्यावर आणला. ससा चालला. वर्षभरात त्याच्यावर पंचवीसहून अधिक छोटी कार्टूने निघाली. बिस्मिल्ला चांगला झाला, असे वाटू लागले.

१९२८ च्या आरंभी डिस्ने न्यूयॉर्कला गेला, तो वितरकाकडून थोडी वाढ मागायला. तिथे त्याला कळले की वाढ सोडाच, आहे त्याहून कमी पैसे मिळणार. एवढेच नव्हे, तर त्याचे बरेचसे चित्रकार वितरकाने आधीच फोडले होते. आणि सशाचे काय? कराराप्रमाणे ससा युनिव्हर्सल कंपनीचा होता. घाम डिस्नेचा, पीक डोळ्यांसमोर उभे, पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे! जमीन कसणाऱ्याला एके दिवशी तलाठ्याच्या दप्तरात जाऊन जे कळते, तेच त्याला न्यूयॉर्कच्या एका कचेरीत कळले. तो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता.

परतीच्या आगगाडीत त्याला उंदीर सुचला, नाव मॉर्टिमर ठेवायचे ठरले, पण बायकोला ते भारदस्त वाटले नि तिने मिकी सुचवले, ही कथा जगप्रसिद्ध आहे. डिस्ने स्वतः ती रंगवून, दर वेळी थोडी वेगळी करून सांगे. खरे काम झाले ते घरी परतल्यावर. फुटलेले चित्रकार करार संपेपर्यंत स्टुडिओतच होते. त्यांच्या नजरेआड बसून आयवर्क्सने एकट्याने उंदीर काढला. दिवसाला सातशेच्या घरात चित्रे, असा त्याचा झपाटा सांगतात. डिस्नेने स्वतः कागदावर चित्रे काढणे तोवर जवळजवळ सोडले होते. उंदराचा स्वभाव त्याचा, पुढे आवाजही त्याचा. हात मात्र आयवर्क्सचा.

शिट्टी वाजली

पहिले मूक कार्टून घ्यायला कोणी वितरक तयार होईना. १९२७ मध्ये बोलपट आला होता आणि डिस्नेने ठरवले की आपला उंदीर आवाजासकट येईल. नारायणगावच्या तमाशात ढोलकीची थाप आणि पायातले घुंगरू एकाच क्षणी पडले नाहीत, तर फडापुढचा प्रेक्षक लगेच ओळखतो. कार्टूनमध्ये हे जमवणे त्याहून अवघड, कारण नाचणारा कागदावरचा आणि वाजवणारे जिवंत. सात मिनिटांच्या बोलपटात पडद्यावरून दहा हजारांवर चौकटी सरकतात. वादकांना ठेका कळावा म्हणून फिल्मवरच खूण केली गेली. ध्वनिमुद्रणाचा पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा डिस्नेने आपली आवडती मोटार विकायला लावली.

१८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात 'स्टीमबोट विली' लागला. बोटीचे चाक फिरवत शिट्टी वाजवणारा उंदीर लोकांनी पाहिला आणि ऐकला. हा पहिला मिकी आजच्यासारखा गुणी बाळ नव्हता. मांजराला गरगर फिरवणारा, गाईच्या दातांवर वाजवणारा तो एक वांड कारटा होता. पुढल्याच वर्षी अमेरिकेत मंदी आली. हातचे काम गेलेल्या, भाड्याच्या खोलीतून बाहेर पडलेल्या माणसांना हा अंगाने लहान, बेरकी आणि मोठ्या धटिंगणांना न घाबरणारा उंदीर आपला वाटला. सगळे गमावून बसलेल्या माणसांच्या हातून तो जन्मला होता, हे प्रेक्षकांना ठाऊक नव्हते; पण ते त्याच्या चालीत होते.

दुसरे कारण त्याच्या आकारात आहे. डोके गोल, पोट गोल, कान गोल. वाटी उपडी ठेवून पहिलीतल्या मुलानेही तीन गोल काढले, तर मिकी ओळखू येतो. मान कुठेही वळवा, त्याचे कान गोलच दिसतात. हातमोजे १९२९ मध्ये चढले, कारण काळ्या अंगावर काळे हात उठून दिसत नसत. वर्षे सरली तसे त्याचे डोके आणि डोळे मोठे होत गेले. स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये याची रीतसर मोजमापे घेऊन दाखवले की मिकी वयाने वाढला तरी चेहऱ्याने तान्ह्या बाळाकडे सरकत गेला. मोठे डोके आणि टपोरे डोळे दिसले की माणसाला माया येते. लोकप्रियतेबरोबर त्याचा वांडपणाही गेला. तो खट्याळपणा १९३४ मध्ये आलेल्या डोनाल्ड या चिडक्या बदकाच्या वाट्याला गेला.

मालक झाल्यावर

डिस्नेने सशापासून धडा घेतला होता. पुन्हा कशावरही दुसऱ्याचे नाव लागू द्यायचे नाही. १९३२ मध्ये मिकीच्या निर्मितीबद्दल त्याला खास ऑस्कर मिळाले. डिसेंबर १९३७ मध्ये 'स्नो व्हाइट' हे पूर्ण लांबीचे कार्टून आले आणि त्याला वेड्यात काढणारे गप्प झाले.

पण मालकीची एक दुसरी बाजूही असते. 'स्टीमबोट विली'च्या नामावलीत आयवर्क्सचे नाव होते. पुढे कार्टूनांवर वर्षानुवर्षे एकच नाव झळकत राहिले, वॉल्ट डिस्ने. १९३० मध्ये आयवर्क्स सोडून गेला. दहा वर्षांनी तो परतला, पण मिकीकडे वळला नाही, यंत्रे आणि कॅमेरे यांत रमला. शेकडो चित्रकार आणि चित्रांवर शाई-रंग भरणाऱ्या मुली प्रेक्षकांना अनोळखीच राहिल्या. पगारातली तफावत आणि न मिळणारे श्रेय यांची धग वाढत गेली. संघटना बांधू पाहणाऱ्या आर्ट बॅबिट या नामांकित चित्रकाराला काढून टाकल्यावर मे १९४१ मध्ये संप झाला. डिस्नेला हा घरच्यांनी केलेला दगा वाटला. १९४७ मध्ये त्याने संसदीय समितीपुढे जाऊन संपातल्या जुन्या माणसांना कम्युनिस्ट ठरवले. न्यूयॉर्कच्या कचेरीतून हात हलवत निघालेला तरुण आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसला होता.

त्याचे चरित्र सांगताना हे झाकणे बरे नव्हे, आणि एवढ्यावरून त्याला निकालात काढणेही बरे नव्हे. १७ जुलै १९५५ रोजी त्याने कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. त्याच्या दारातून आत शिरल्यावर जो रस्ता लागतो, तो मार्सेलिनच्या बाजारपेठेच्या आठवणीवर बेतलेला आहे. भोवती आगगाडी फिरते. बापाला विकावे लागलेले गाव मुलाने चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा उभे केले. आयुष्यभर सिगारेट ओढणारा डिस्ने १५ डिसेंबर १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. तेव्हा तो पासष्ट वर्षांचा होता.

आपला कोल्हा

आपल्याकडे असा प्राणी का झाला नाही? प्रयत्न झाले. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्येच आगकाड्या नाचवणारा छोटा पट केला होता. मिकी सहा वर्षांचा असताना, १९३४ मध्ये, पुण्याच्या प्रभात कंपनीने 'जंबुकाका' हे कार्टून काढले. त्याचा नायक कोल्हा, आपल्या गोष्टींतला जुना लबाड. पण हलते चित्र हा बैलगाड्याच्या बारीसारखा खेळ आहे. एकदा पळून भागत नाही, वर्षानुवर्षे उतरावे लागते. मिकीच्या मागे डझनांनी कार्टूने उभी राहिली, जंबुकाकांच्या मागे तशी रांग लागली नाही. १९५६ मध्ये डिस्नेकडे काम केलेला, भारतातच जन्मलेला क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आला. त्याच्या हाताखाली जातककथेतल्या हरणावर एक कार्टून झाले आणि राम मोहन यांच्यासारखे चित्रकार तयार झाले.

मात्र याच प्रभातने १९४० मध्ये 'संत ज्ञानेश्वर' काढला आणि आळ्याचा रेडा पडद्यावर वेद बोलला. ते कार्टून नव्हते. पण बोलणाऱ्या जनावरावर मराठी प्रेक्षकाचा केव्हाचा विश्वास बसलेला होता.

राहता राहिला सातबारा. डिस्नेच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच्या कंपनीने एका क्रीडा-समालोचकाला दुसऱ्या वाहिनीकडे जाऊ देण्याच्या बदल्यात ऑस्वल्ड ससा परत मिळवला. आणि १ जानेवारी २०२४ रोजी 'स्टीमबोट विली'वरचा अमेरिकेतला हक्क मुदत भरून संपला. नंतरच्या मिकीवर कंपनीचे हक्क अजून आहेत, पण बोटीवर शिट्टी वाजवणारा तो पहिला उंदीर आता तिथे कोणाचाच नाही, म्हणजेच सगळ्यांचा आहे.

आळ्याच्या कथेतला रेडा पैठणच्या कोणा पखालवाल्याचा होता, असे सांगतात. पखालवाल्याचे नाव कोणी जपले नाही. रेड्याचे मंदिर मात्र गावाने सांभाळले आहे. चैत्रात तिथे गेलात तर बरोबरच्या नातवाच्या पाठीवरचे दप्तर पाहा. त्यावर बहुधा तो उंदीर असेल.