रॉबर्ट बॉश : ठिणगी विकून श्रीमंत झालेला माणूस, ज्याच्या पंपामुळं डिझेल ट्रक रस्त्यावर स्थिरावला

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला 'मायको सर्कल' सांगितलं की पुढचा पत्ता विचारावा लागत नाही. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी. 1951 मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचा नाशिकचा कारखाना डिझेल इंजिनाच्या नोझल आणि इंजेक्टरसाठी ओळखला जातो. 2008 मध्ये कंपनीचं नाव बदलून बॉश लिमिटेड झालं, पण चौकाचं नाव मायकोच राहिलं.

हे बॉश म्हणजे नेमके कोण? आणि आयुष्यभर पेट्रोल इंजिनाला लागणारी ठिणगी विकणारा हा माणूस साठी ओलांडल्यावर डिझेलच्या नादी का लागला?

बारा भावंडांतला अकरावा

रॉबर्ट बॉश यांचा जन्म 23 सप्टेंबर 1861 चा. जर्मनीतल्या उल्म शहराजवळचं आल्बेक हे त्यांचं गाव. वडील शेतकरी होते आणि त्यांची खानावळही होती. घर खाऊनपिऊन सुखी. बारा भावंडांत रॉबर्ट अकरावे.

शाळेनंतर त्यांना उल्ममध्ये एका मेकॅनिककडं उमेदवारीला ठेवलं. उस्तादाचं शिकवण्याकडं फारसं लक्ष नव्हतं आणि ही तीन वर्षं त्यांच्या मनात कायमची सलत राहिली. पुढं स्वतःच्या कारखान्यात त्यांनी उमेदवारांच्या प्रशिक्षणावर मुद्दाम भर दिला, त्याचं मूळ इथं आहे.

त्यानंतर बरीच भटकंती झाली. स्टुटगार्टच्या तंत्रशिक्षण संस्थेत ते काही महिने शिकले. 1884 मध्ये अमेरिका गाठून एडिसनच्या उद्योगाशी जोडलेल्या कारखान्यात काम केलं, मग इंग्लंडमध्ये सीमेन्सकडं. 15 नोव्हेंबर 1886 रोजी स्टुटगार्टमध्ये एका इमारतीच्या मागच्या बाजूला त्यांनी स्वतःचं वर्कशॉप उघडलं. भांडवल 10 हजार मार्क. माणसं किती? एक कारागीर आणि एक पोऱ्या.

ठिणगीचा धंदा

सुरुवातीला टेलिफोन, विजेची घंटा, जे काम येईल ते केलं जायचं. 1887 मध्ये एका गिऱ्हाइकानं इंजिनासाठी मॅग्नेटो मागितला. मॅग्नेटो म्हणजे चुंबकाच्या मदतीनं ठिणगी पाडणारं यंत्र. पेट्रोल किंवा गॅसवर चालणाऱ्या इंजिनात इंधन पेटवायला ही ठिणगी लागतेच. बॉश यांनी तो बनवून दिला आणि पुढची काही वर्षं कर्ज काढत, ओढाताण करत धंदा चालवला.

1897 मध्ये हा मॅग्नेटो वेगानं फिरणाऱ्या मोटारीच्या इंजिनावर बसवण्यात यश आलं. 1902 मध्ये त्यांचे इंजिनिअर गॉटलोब होनोल्ड यांनी स्पार्क प्लगसह उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. तेव्हा मोटारी वाढत होत्या आणि ठिणगी प्रत्येकीला हवी होती. 1906 मध्ये कारखान्यातून एक लाखावा मॅग्नेटो बाहेर पडला.

त्याच वर्षी बॉश यांनी कामगारांसाठी आठ तासांचा दिवस लागू केला. तेव्हा ही फारच दुर्मीळ गोष्ट होती. त्यामागं माणुसकी होती तसाच हिशेबही होता. थकलेला माणूस बारीक काम नीट करू शकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

मग डिझेल कशाला?

पहिल्या महायुद्धानं चित्र बदललं. अमेरिकेतले कारखाने तिथल्या सरकारनं जप्त केले. परदेशी बाजार हातचे गेले. 1921 मध्ये एकुलता एक मुलगा दीर्घ आजारानं गेला. ज्याच्या हाती कंपनी सोपवायची, तोच राहिला नाही.

आणि 1922 च्या अखेरीस कंपनीनं ठरवलं, की डिझेल इंजिनासाठी इंजेक्शन पंप बनवायचा.

यात एक गंमत आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. आतली हवा इतकी दाबली जाते, की तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटतं. म्हणजे ज्या मॅग्नेटो आणि स्पार्क प्लगवर बॉश यांचं साम्राज्य उभं होतं, त्यांची गरजच नसलेल्या इंजिनावर ते पैसा लावत होते. एकाच वस्तूवर जगणारा कारखाना एका फटक्यात बुडू शकतो, हे त्यांनी युद्धात पाहिलं होतं.

अडचण नेमकी काय होती?

रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन 1897 पासून चालत होतं, पण ते कारखान्यात नाहीतर जहाजावर. त्यात इंधन आत फवारायला वेगळा कॉम्प्रेसर लागायचा. त्याच्या जोरदार हवेनं इंधन सिलिंडरमध्ये ढकललं जायचं. हा सगळा संसार इतका अवजड होता, की ट्रकवर लादणं परवडत नसे. 1913 मध्ये डिझेल जहाजावरून बेपत्ता झाले, तोवर हा प्रश्न सुटला नव्हता.

उपाय कागदावर सोपा होता. हवा काढून टाका आणि इंधनच पंपानं दाबून आत सोडा. बेंझ आणि मान या कंपन्यांनी 1923-24 मध्ये असे ट्रक बनवलेही. पण हजारो इंजिनांवर बिनतक्रार चालेल असा पंप बाजारात नव्हता.

तो बनवणं अवघड का? मिनिटाला 1000 फेरे घेणारं चार स्ट्रोकचं इंजिन घ्या. प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला 500 वेळा इंधन सोडायचं. प्रत्येक वेळी फार तर एक-दोन थेंब, तेही ठरलेल्या क्षणी आणि हवेच्या दाबाच्या शंभरपटीहून अधिक दाबानं. थेंब जास्त झाला तर काळा धूर, कमी झाला तर इंजिन दमणार.

पंप चालतो कसा?

प्रत्येक सिलिंडरसाठी एक बारीक दट्ट्या, म्हणजे प्लंजर. खालून कॅम त्याला वर ढकलतो आणि डिझेल नोझलकडं जातं. प्लंजरच्या अंगावर तिरकी खाच कापलेली असते. ॲक्सिलरेटर दाबला, की एक दातेरी पट्टी प्लंजरला थोडं फिरवते आणि खाचेची जागा बदलते. त्यावर किती डिझेल आत जाणार ते ठरतं. ना वायर, ना बॅटरी, सगळं काम लोखंडाचं.

प्लंजर आणि त्याच्या नळीतलं अंतर मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकंच असतं. तिथं रबरी सील नसतं, धातूवर धातू घासूनच दाब अडवायचा. म्हणून दोन्ही भाग जोडीनंच तयार होतात आणि एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या नळीत घालता येत नाही. इतकं बारीक काम मोठ्या संख्येनं करण्याचा सराव बॉशच्या कारागिरांना मॅग्नेटोमुळं झालेला होता.

तरी पाच वर्षं गेली. डझनभर आराखडे तपासले गेले. फ्रान्झ लँग यांच्यासारख्या जाणकारांचं काम हाताशी घेतलं गेलं. मधेच जर्मन मोटार उद्योगात मंदी आली आणि बॉशलाही कामगार कमी करावे लागले. पंपाचं काम मात्र थांबलं नाही. 30 नोव्हेंबर 1927 रोजी पंपांचं नियमित उत्पादन सुरू झालं.

पहिलं गिऱ्हाईक अर्थातच ट्रक कंपन्या. इंजिन बनवणाऱ्यांना आता पंप स्वतः घडवायची गरज उरली नाही. 1934 पर्यंत एक लाख पंप बनले. 1936 मध्ये मर्सिडीज-बेंझची 260 डी ही डिझेल कारही याच कंपनीच्या पंपावर धावली.

शेवटचा काळ

हिटलर सत्तेत आल्यावर बॉश यांनी काही ज्यू लोकांना मदत केली. हिटलरविरोधी कटातल्या कार्ल गर्डेलर यांना कंपनीनं आधार दिला. पण हीच कंपनी युद्धसामग्रीही बनवत होती आणि युद्धकाळात तिच्या कारखान्यांत सक्तीनं आणलेले मजूर राबले. हा भाग वगळून बॉश यांची गोष्ट पूर्ण होत नाही.

12 मार्च 1942 रोजी स्टुटगार्टमध्ये त्यांचं निधन झालं. ज्या राजवटीशी त्यांचं जमलं नाही, तिनंच त्यांचा शासकीय इतमामात अंत्यविधी केला. आज कंपनीची सुमारे 94 टक्के मालकी एका धर्मादाय संस्थेकडं आहे.

आता नव्या ट्रकमध्ये संगणक इंधन मोजतो आणि प्रदूषणाच्या नियमांपुढं जुना पंप टिकत नाही. पण हायवेलगतच्या गॅरेजांमध्ये, शेतातल्या जुन्या ट्रॅक्टरवर आणि जनरेटरवर तो अजून भेटतो. त्याची दुरुस्ती करणारा मिस्त्री आजही प्लंजर आणि नळी एकमेकांपासून वेगळे होऊ देत नाही.