टॉर्केल क्नुतसोन : परक्या मुकुटाचा राखणदार

स्वीडनचा राजा माग्नुस लादुलोस १२९० च्या डिसेंबरात निवर्तला, तेव्हा त्याचा ज्येष्ठ पुत्र बिर्येर अवघा दहा वर्षांचा होता. राजपद बिर्येरकडे आले. राज्यकारभाराची सूत्रे मात्र टॉर्केल क्नुतसोन या सरदाराच्या हाती गेली. टॉर्केल हा ‘मार्स्क’, म्हणजे राजाचा प्रमुख सेनाधिकारी होता. सिंहासनावर त्याचा स्वतःचा कोणताही हक्क नव्हता. त्याची सारी सत्ता दुसऱ्याच्या नावाने चालणारी होती, आणि हेच त्याच्या उत्कर्षाचे व विनाशाचेही कारण ठरले.

१२९३ मध्ये स्वीडिश सैन्याने पूर्वेकडे कारेलियावर स्वारी केली व व्हिबॉर्गचा किल्ला उभारला. या मोहिमेला धर्मयुद्धाचे रूप होते; परंतु नोवगोरोदकडे जाणाऱ्या व्यापारमार्गावर वर्चस्व मिळविणे हाही तिचा हेतू होता. १३०० मध्ये टॉर्केलने नेवा नदीच्या मुखाशी लांड्सक्रूना हा दुर्ग बांधला. तो पुढच्याच वर्षी नोवगोरोदच्या सैन्याने उद्ध्वस्त केला. व्हिबॉर्ग मात्र टिकले आणि १३२३ च्या तहानंतरही स्वीडनकडेच राहिले. त्याच्याच कारकीर्दीत, १२९६ मध्ये, उपलांड प्रांताच्या कायद्याची संहिता राजाज्ञेने लागू झाली. चर्चच्या विशेषाधिकारांना त्याने आवर घातला. त्यामुळे धर्मसत्ता त्याच्यावर रुष्ट झाली.

राजाचे धाकटे बंधू एरिक व वाल्देमार हे महत्त्वाकांक्षी होते. १३०२ मध्ये टॉर्केलची कन्या क्रिस्तिना वाल्देमारला दिली गेली. पण या सोयरिकीने त्याला संरक्षण लाभले नाही. राजा आणि त्याचे बंधू यांच्यातील कलहात टॉर्केल राजाच्या बाजूने उभा राहिला. पुढे भावाभावांत समेट झाला आणि त्याची किंमत वृद्ध कारभाऱ्याला चुकवावी लागली. १३०५ च्या अखेरीस त्याला कैद करण्यात आले. ज्याचे राज्य त्याने सांभाळले होते, त्या बिर्येरनेही त्याला वाचविले नाही. फेब्रुवारी १३०६ मध्ये स्टॉकहोम येथे त्याचा शिरच्छेद झाला. वाल्देमारने क्रिस्तिनेचा त्याग केला.

या वधाने राजकुलात शांतता नांदली नाही. त्याच वर्षी हॉतुना येथे बंधूंनी बिर्येरला बंदी केले. १३१७ मध्ये नीशॉपिंगच्या मेजवानीत बिर्येरने त्या दोघांना पकडून सूड उगविला. ते दोघे बंदिवासातच मेले. बिर्येरलाही देश सोडून परागंदा व्हावे लागले.

टॉर्केलची स्मृती मुख्यतः ‘एरिकक्रोनिकान’ या चौदाव्या शतकातील अनामिक पद्य-बखरीने जतन केली आहे. स्वीडिश भाषेतील हे आद्य यमकबद्ध इतिहासकाव्य होय. त्याचा नायक एरिक, म्हणजे टॉर्केलच्या विनाशात सहभागी असलेला राजबंधू, आहे. असे असूनही टॉर्केलच्या कारभाराचा काळ हा सुबत्तेचा व स्वास्थ्याचा काळ होता, असेच चित्र त्यात उमटले आहे. ज्या पक्षाने त्याचा बळी घेतला, त्याच पक्षाच्या कवीची ही साक्ष असल्याने तिचे मोल विशेष आहे.