मैदानावरचे रसायनशास्त्राचे मास्तर

फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पेले येतो, मॅराडोना येतो, कोलकात्याचं मोहन बागान येतं. अमेरिकेतला फुटबॉल मात्र वेगळाच. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो पायापेक्षा हातातच जास्त असतो आणि अंगावर अंग आदळल्याशिवाय डाव पुढे सरकत नाही. अशा या धसमुसळ्या खेळातला एक माणूस मला कित्येक वर्षं अगदी ओळखीचा वाटत आला आहे. याचं कारण खेळ नव्हे. मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि नूट रॉकनी हाही मुळात रसायनशास्त्राचाच मास्तर!

त्याचा जन्म ४ मार्च १८८८ चा, नॉर्वेतल्या व्हॉस या गावचा. वडील घोडागाड्या बनवणारे कारागीर. १८९३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, त्या निमित्ताने ते अमेरिकेत आले आणि पाठोपाठ कुटुंबही आलं. नूट तेव्हा पाच वर्षांचा होता. शिकागोच्या गल्ल्यांत तो खेळला, धावला, बांबूच्या उड्या शिकला. पण शाळा मात्र अर्धवट सुटली. मग टपाल खात्यात नोकरी. पत्रांच्या थैल्या निवडत त्याने पै-पै साठवली आणि १९१० साली, बरोबरीची मुलं पदवी घेऊन बाहेर पडत होती त्या बाविसाव्या वर्षी, प्रवेशपरीक्षा देऊन तो इंडियाना राज्यातल्या नोटर डेम विद्यापीठात दाखल झाला. कॅथलिक धर्मगुरूंनी चालवलेलं ते विद्यापीठ; हा प्रॉटेस्टंट घरातला, वयाने थोराड, खिशाने हलका.

तिथे तो नुसता खेळाडू राहिला नाही. वाद्यवृंदात बासरी वाजवायचा, नाटकांत कामं करायचा आणि १९१४ साली उत्तम गुणांनी पदवीधरही झाला. पण त्याचं नाव झालं ते १९१३ च्या एका सामन्याने. या खेळात चेंडू हाताने पुढे फेकण्याची मुभा मिळाली होती १९०६ साली. त्याआधी नुसत्या रेटारेटीने मैदानावर मुलं मरू लागली होती, म्हणून नियम बदलावे लागले. तरीही बडे संघ जुन्याच पद्धतीने खेळत. रॉकनी आणि त्याचा मित्र गस डोराइस १९१३ च्या उन्हाळ्यात ईरी सरोवराकाठच्या सीडर पॉइंट इथे नोकरी करत होते. फावल्या वेळात वाळूत ते एकच गोष्ट घोटत राहिले. एकाने लांब फेकायचं, दुसऱ्याने धावता धावता झेलायचं. १ नोव्हेंबरला लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघाला नोटर डेमने ३५-१३ असं हरवलं. ही युक्ती काही त्याने शोधलेली नव्हती. पण नियम पुस्तकात असणं वेगळं आणि तो हाताखालून जाणं वेगळं, हे प्रयोगशाळेत उभं राहिलेल्या कुणालाही पटेल.

पदवीनंतर तो विद्यापीठातच राहिला. फादर ज्यूलियस न्यूलंड या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली साहाय्यक आणि फुटबॉल संघाचा उपप्रशिक्षक. याच न्यूलंड यांच्या संशोधनातून पुढे निओप्रीन हे कृत्रिम रबर आलं. नवं लग्न, पगार बेताचा. मग रविवारी शेजारच्या ओहायो राज्यात जाऊन तो पैसे घेऊन खेळू लागला, आधी अ‍ॅक्रनकडून, नंतर मॅसिलॉनकडून. १९१५ साली कँटन संघातल्या जिम थॉर्पसमोर, म्हणजे १९१२ च्या ऑलिंपिकच्या वीरासमोर, तो उभा ठाकला. धंदेवाईक फुटबॉलला तेव्हा प्रतिष्ठा नव्हती. आजच्या राष्ट्रीय लीगची स्थापनाही झाली ती १९२० साली. आठवडाभर परीक्षानळ्या आणि सरावाचं मैदान, रविवारी अंग ठेचून घेणं, असा त्याचा संसार चालला होता.

१९१८ साली तो मुख्य प्रशिक्षक झाला आणि १३ हंगामांत त्याच्या संघाने १०५ सामने जिंकले, १२ हरले, ५ बरोबरीत सोडवले. मला या आकड्यांपेक्षा त्याची पद्धत मोलाची वाटते. रेटा देणाऱ्या धिप्पाड मुलांऐवजी तो चपळ मुलं निवडी. चेंडू हलायच्या आधी त्याचे खेळाडू नाचाच्या तालात जागा बदलत आणि समोरचे गोंधळून जात. १९२४ च्या संघातल्या ज्या चौघांना वृत्तपत्रांनी चार घोडेस्वार म्हणून डोक्यावर घेतलं, त्यांच्यातल्या एकाचंही वजन ७५ किलो भरत नव्हतं. उन्हाळ्यात तो शिक्षक आणि प्रशिक्षकांसाठी वर्ग चालवी. त्या चौघांपैकी जिम क्राउली पुढे स्वतः प्रशिक्षक झाला, आणि क्राउलीच्या हाताखाली घडलेला विन्स लोम्बार्डी तर अमेरिकेच्या घराघरांत पोचला. आपल्या गाण्यातल्या घराण्यांसारखीच ही परंपरा.

पण सगळंच सोनेरी नव्हतं. रविवारी पैशासाठी खेळलेल्या या माणसाच्याच संघातली काही मुलं १९२१ साली इलिनॉयमधल्या दोन गावांच्या सामन्यात पैसे घेऊन खेळली आणि विद्यापीठाच्या संघातून बाद झाली. लाडका खेळाडू जॉर्ज गिप १९२० साली ऐन उमेदीत आजाराने गेला. त्याची आठवण काढून रॉकनीने १९२८ साली मध्यंतरात संघाला पेटवलं. त्यावर चित्रपट निघाला १९४० साली, गिपचं काम केलं पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रोनाल्ड रेगन यांनी. दरम्यान रॉकनी मोटार कंपनीसाठी व्याख्यानं देऊ लागला होता, आणि प्रयोगशाळा केव्हाच मागे पडली होती. १९२९ साली कार्नेगी फाउंडेशनच्या अहवालाने महाविद्यालयीन खेळातल्या बाजारावर कोरडे ओढले. विद्यापीठ मुलांना शिकवण्यासाठी आहे की स्टेडियम भरण्यासाठी, हा प्रश्न तेव्हाचा. तो अजून सुटलेला नाही, आणि तो अमेरिकेपुरता राहिलेलाही नाही.

३१ मार्च १९३१ रोजी, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी, कॅन्ससमधल्या बझार गावाजवळ विमान कोसळून तो गेला. विमानातले आठही जण दगावले. पंख लाकडी होते, ओल शिरून त्यांचा जोड सुटला होता. देश हळहळला, चौकशीची मागणी झाली, आणि विमान कंपन्या संपूर्ण धातूच्या विमानांकडे वळल्या. आपल्याकडे वर्षानुवर्षं उडालेलं डकोटा त्याच पिढीतलं.

डिंक आणि ओलाव्याचं गणित चुकलं की काय होतं, हे रसायनशास्त्राच्या मास्तराने आपल्या मरणानेही शिकवलं, असं मला वाटतं. मुलाने खेळावं की अभ्यास करावा, असं विचारत पालक माझ्याकडे येत, तेव्हा मी त्यांना टपाल खात्यातल्या त्या तरुणाबद्दल सांगे. तो खेळला म्हणून कॉलेज सुटलं नाही, आणि शिकला म्हणून मैदान सुटलं नाही. जे सुटलं ते पुढे, पैसा आणि गर्दी वाढल्यावर. सावध राहायचं ते तिथे.