इंग्रजी शिकवणारे आपले बाळशास्त्री

दरवर्षी ६ जानेवारी आली की बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला ठिकठिकाणी हार घातला जातो. १८३२ मध्ये याच दिवशी त्यांनी 'दर्पण' हे मराठीतले पहिले वृत्तपत्र सुरू केले, म्हणून महाराष्ट्रात हा पत्रकार दिन पाळतात. त्यामुळे ते पत्रकार होते हे आपल्या मुलांनाही ठाऊक असते. पण ते आधी शिक्षक होते, आणि मराठी मुलांना इंग्रजी व्याकरण मराठीतून समजावून सांगणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक होते, याची आठवण फारशी कोणी काढत नाही. मंडळातील घराघरांत सध्या मुलांच्या इंग्रजीची जी चर्चा चालते, ती पाहता त्यांच्या आयुष्याची ही बाजू सर्वांपुढे ठेवावी असे आम्हाला वाटले.

बाळशास्त्र्यांचा जन्म १८१२ सालचा, पोंभुर्ले गावचा. पेडण्याहून तेरेखोल नदी ओलांडली, सावंतवाडी, कुडाळ, कणकवली मागे टाकली की पुढे देवगड तालुका लागतो, त्यात हे गाव. म्हणजे तसे आपल्याच मुलखातले. पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकाच्या अखेरीस गेले. त्याआधी तेथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. राज्ये बदलली तरी सोयरीक, देवदेवता आणि भाषा या वाटेने येत-जात राहिली.

वडील गंगाधरशास्त्री विद्वान होते. मराठी वाचन-लेखन आणि संस्कृतचा पाया घरीच झाला. साधारण तेराव्या वर्षी बाळशास्त्री मुंबईला आले. तेथे त्यांना सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांचा आधार मिळाला. 'बाळमित्र' आणि 'इसपनीति' मराठीत आणणारे ते हेच छत्रे. मुंबईत त्या वेळी नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी शाळा चालवत होती आणि शाळांसाठी पुस्तके तयार करून घेत होती. बाळशास्त्री त्या शाळेत इंग्रजी शिकले, आणि इतक्या वेगाने शिकले की १८३० मध्ये, विशीच्या आतच, ते सोसायटीचे डेप्युटी नेटिव्ह सेक्रेटरी झाले. दोन वर्षांनी नेटिव्ह सेक्रेटरीचे पदही त्यांच्याकडे आले. मध्यंतरी अक्कलकोटच्या राजपुत्राला शिकवण्याचे कामही त्यांनी केले. १८३४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांची नेमणूक झाली. तेथे प्राध्यापकी करणारे ते पहिले भारतीय. दादाभाई नौरोजी हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक.

त्या काळच्या वर्गाची अडचण आज लक्षात येणे कठीण आहे. मुलाच्या हातात इंग्रजीचे पुस्तक आले तर ते विलायतेतल्या मुलासाठी लिहिलेले असे. त्यात नियम इंग्रजीत, उदाहरणे इंग्रजीत, आणि ते समजायला आधी इंग्रजी यायला हवे! मराठीचे शालेय व्याकरणही तेव्हा तयार नव्हते. नाम म्हणजे काय, क्रियापद म्हणजे काय, हे मुलाला स्वतःच्या भाषेत कधी दाखवलेलेच नसे. बाळशास्त्र्यांनी दोन्ही बाजूंनी काम केले. मराठी मुलांसाठी 'बालव्याकरण' लिहिले आणि इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी 'इंग्रजी व्याकरणाचा संक्षेप'. दादोबा पांडुरंगांचे मोठे मराठी व्याकरण १८३६ मध्ये आले, तेही याच पिढीचे काम. याखेरीज बाळशास्त्र्यांनी 'नीतिकथा', 'इंग्लंड देशाची बखर', 'हिंदुस्थानचा इतिहास', 'शून्यलब्धिगणित' अशी पुस्तके लिहिली. शेवटचे पुस्तक गणिताच्या एका अवघड शाखेवरचे, तेही मराठीत.

मराठीतून इंग्रजी व्याकरण शिकवण्याचा फायदा काय, हे आपल्या घरातल्या अभ्यासाच्या टेबलाशी बसले की कळते. मराठीत 'मला ताप आहे', 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे पैसे आहेत' असे तीन तऱ्हांनी बोलतो. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'आय हॅव' येते. उलट आपण 'घरी', 'बाजारात', 'टेबलावर' असे शब्दाच्या शेपटीला जोडतो, आणि इंग्रजीत 'ॲट', 'इन', 'ऑन' हे सुटे शब्द नामाच्या आधी ठेवावे लागतात. 'अ' आणि 'द' यांना मराठीत जोडीदारच नाही, म्हणून आपली मुले ते एक तर गाळतात, नाही तर नको तिथे घालतात. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी असते, त्यांचे मधे. जिथे दोन भाषा वेगळ्या वाटेने जातात, नेमकी तिथेच मुलाची चूक होते. तो फरक त्याच्या भाषेत एकदा दाखवला की चूक त्याची त्यालाच दिसू लागते. नुसते 'राँग' म्हणून लाल रेघ ओढली तर तो गप्प बसायला शिकतो.

'दर्पण'ची रचनाही या शिक्षकाच्या डोक्यातून आलेली दिसते. प्रत्येक पानावर दोन स्तंभ, एक मराठी आणि एक इंग्रजी. आधी पाक्षिक, आणि ४ मे १८३२ पासून साप्ताहिक. गोविंद विठ्ठल उर्फ भाऊ महाजन यांची त्यांना साथ होती. इंग्रज अधिकाऱ्याला येथल्या लोकांचे म्हणणे कळावे आणि येथल्या वाचकाला नव्या विद्येची ओळख व्हावी, असा दुहेरी उपयोग होता. मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचणाऱ्या तरुणाला दर आठवड्याला भाषांतराचा धडाच मिळत असणार. विधवाविवाहासारख्या विषयावरही 'दर्पण'ने लिहिले. ते १८४० मध्ये बंद झाले, आणि त्याच वर्षी बाळशास्त्र्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढले. त्यात भूगोल, इतिहास, विज्ञान असे विषय मराठीतून येत.

इंग्रजी शिकण्याला तेव्हा मोठी किंमत मोजावी लागेल अशी भीती घरोघर होती. मुलगा इंग्रजी शिकला की धर्म सोडेल, असे लोक म्हणत. १८४३ मध्ये ही भीती खरी ठरल्यासारखी झाली. नारायण आणि श्रीपत शेषाद्री हे दोघे भाऊ मिशनऱ्यांकडे गेले. नारायण ख्रिस्ती झाला. धाकटा श्रीपत न्यायालयाच्या हुकुमाने घरी परत आला, पण त्याला जातीत घ्यायला कोणी तयार होईना. बाळशास्त्री पुढे झाले आणि प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावे म्हणून त्यांनी खटपट केली. सनातनी मंडळींचा रोष त्यांनी पत्करला. चुकलेल्या मुलाला दार बंद करायचे नाही, ही शिक्षकाचीच भूमिका होती.

त्यांच्या कामाचा व्याप पाहून थक्क व्हायला होते. कुलाबा वेधशाळेचे काम त्यांनी पाहिले. जुने शिलालेख आणि ताम्रपट वाचून त्यांवर एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात इंग्रजीतून लेख लिहिले. १८४५ मध्ये ज्ञानेश्वरीची शिळाप्रेसवर छापलेली पहिली प्रत त्यांनी सिद्ध केली. ज्या हाताने इंग्रजी व्याकरण लिहिले, त्याच हाताने ज्ञानेश्वरी छापखान्यात नेली. अखेरच्या वर्षांत सरकारी मराठी शाळांची तपासणी आणि शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलची जबाबदारी त्यांच्यावर होती. मे १८४६ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले.

मुंबईत इंग्रजीचे जे दार त्यांच्या पिढीने उघडले, त्यातून पुढे आपली माणसेही आत गेली. गोव्यात सरकारदरबारी पोर्तुगीज, देवळाच्या पडवीतल्या शाळेत मराठी, घरी कोंकणी. इंग्रजी शिकायचे तर मुंबई गाठावी लागे. १८७७ मध्ये डिचोलीत जन्मलेले वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजेच शणै गोंयबाब, याच वाटेने मुंबईला गेले. इंग्रजी शिकून त्यांनी आयुष्य वाहिले ते कोंकणीला, आणि तिच्या व्याकरणावरही काम केले. मुक्तीनंतर १९६३ पासून गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आपल्यापैकी अनेकजण चौथीपर्यंत मराठी शिकून मग हायस्कुलात इंग्रजीला सामोरे गेले आणि नोकरीधंद्यात कुठेही मागे राहिले नाहीत.

आज चित्र उलटे झाले आहे. नातवंडे इंग्रजी फाडफाड बोलतात, पण आजीने पाठवलेला मराठी निरोप त्यांना वाचता येत नाही. माध्यम कोणते निवडायचे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, त्यात मंडळ पडणार नाही. आमची विनंती एवढीच, की बाळशास्त्र्यांचे ते दोन स्तंभ घरात चालू ठेवावेत. आठवड्यातून एकदा वर्तमानपत्रातली पाच मराठी वाक्ये मुलांकडून इंग्रजीत करून घ्यावीत आणि पाच इंग्रजी वाक्ये मराठीत. कुठे अडले, का अडले, यावर दोन घटका बोलावे. इंग्रजीही सुधारेल आणि मराठीही हातची जाणार नाही.