कृत्रिम रेशमाचे जनक : काउंट शार्दोने

सणावाराच्या खरेदीस गेलें असतां दुकानदार एखादें तलम, चकचकीत वस्त्र पुढें करितो. हातास तें रेशमासारखें लागतें, पण किंमत रेशमाची नसते. हें कापड रेयॉनचें, म्हणजे बहुधा लांकडाच्या लगद्यापासून काढलेल्या धाग्याचें असतें. किड्याच्या साहाय्यावांचून असा धागा काढण्याचा कारखाना ज्यांनीं प्रथम उभारिला, त्या काउंट हिलेर द शार्दोने यांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

शार्दोने यांचा जन्म १ मे १८३९ रोजीं फ्रान्समधील बझांसों या शहरीं झाला. पॅरिसच्या सुप्रसिद्ध एकोल पॉलिटेक्निक या विद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. त्या काळीं फ्रान्समध्यें रेशमाच्या किड्यांवर रोगाची सांथ येऊन रेशमाचा धंदा बुडावयास आला होता, व १८६५ पासून थोर शास्त्रज्ञ पाश्चर तिचें संशोधन करीत होते. त्या कार्याशीं शार्दोने यांचा संबंध आला. किडा तुतीचीं पानें खातो, तोंडावाटें चिकट रस सोडतो, आणि त्या रसाचाच धागा बनतो. हें काम मनुष्यास कां साधूं नये, या प्रश्नाच्या मागें ते लागले.

वनस्पतींचें अंग सेल्युलोज नांवाच्या द्रव्याचें बनलेलें असतें. त्यावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून शार्दोने यांनीं तें ईथर व अल्कोहोल यांत विरघळविलें, आणि तो दाट रस अतिसूक्ष्म छिद्रांतून दाबून बाहेर काढिला. द्रव उडून जातांच मागें चकाकता धागा राहिला! १८८४ सालीं त्यांनीं पेटंट घेतलें, व १८८९ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनांत हें नवें रेशीम लोकांनीं कौतुकानें पाहिलें.

परंतु या धाग्यांत एक भयंकर दोष होता. बंदुकीच्या कापसाचा तो सख्खा भाऊ. ठिणगी पडतांच भडकावयाचा. अंगावर घालावयाच्या वस्त्रांत असा दोष राहून कसें चालेल? शेवटीं रासायनिक क्रियेनें धाग्यांतील नायट्रेटचा अंश काढून टाकण्यांत आला, तेव्हांच तें कापड वापरण्याजोगें झालें. पुढें बझांसों येथें कारखाना चालूं लागला.

१८९२ सालीं इंग्लंडांत क्रॉस, बेव्हन व बीडल यांनीं लांकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोस बनविण्याची स्वस्त रीत काढिली, व कालांतरानें शार्दोने यांची रीत मागें पडली. मात्र या नव्या रीतींत लागणाऱ्या कार्बन डायसल्फाइडच्या वाफेनें अनेक कामगारांच्या मज्जातंतूंस इजा झाली, हेंही विसरतां कामा नये. ११ मार्च १९२४ रोजीं शार्दोने पॅरिस येथें निवर्तले. आपल्याकडे कल्याणजवळ शहाड येथें १९५६ सालीं व्हिस्कोस रेयॉनचा कारखाना निघाला.

हा धागा पाणी फार पितो, व ओला झाला कीं त्याचें बळ जवळजवळ निम्म्यावर येतें. म्हणून रेयॉनचें वस्त्र धोंड्यावर आपटूं नये, पिळूं नये, उकळूं नये. सौम्य साबणाच्या थंड वा कोमट पाण्यांत हलकेंच धुवावें, पंचांत गुंडाळून दाबावें व सावलींत पसरून वाळवावें. किंचित् ओलसर असतां उलट बाजूनें बेताची गरम इस्त्री फिरवावी.

वस्तूचा स्वभाव ओळखून तिच्याशीं वागावें, हेंच या चरित्राचें सार. शार्दोने यांनीं किड्याचा स्वभाव ओळखिला व मग धाग्याचा दोष घालविला. निदान आपण आपल्या घरांतील वस्त्राचा स्वभाव ओळखूं या.