लिंबरलॉस्टची पाखरांची बाई

शाळा अर्धवट सोडलेल्या बाईबद्दल शाळेच्या स्मरणिकेत लिहायचं म्हणजे जरा धाडसच. पण दुसरं नाव डोक्यात आलंच नाही. जीन स्ट्रॅटन-पोर्टर. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घराघरात वाचली जाणारी कादंबरीकार, आज तिकडेही फारशी कुणाला आठवत नाही. ऑफिसच्या कामासाठी मी इंडियानात होते, तेव्हा रविवारी कॅमेरा घेऊन पक्षी बघत हिंडायचा नाद लागला. त्या नादातच तिचं पतंगांवरचं पुस्तक हाती आलं. (पतंग म्हणजे रात्री दिव्यावर येतात ते, संक्रांतीचे नव्हेत!)

जीनचा जन्म १७ ऑगस्ट १८६३ चा, इंडियानातल्या वॉबॅश परगण्यातल्या एका शेतावर. बारा भावंडांतलं शेंडेफळ. वडील शेतकरी आणि मेथडिस्ट धर्मोपदेशक. आई आजारी असायची, त्यामुळे पोरीकडे बघायला कुणाला सवड नव्हती आणि ती दिवसभर रानात मोकळी. वडिलांनी एकदा एक ससाणा पाडला, तर ही मध्ये पडली आणि जखमी पक्ष्याची शुश्रूषा करत बसली. पुढे वडिलांनी शेतावरचे सगळे पक्षी तिच्या नावावर करून टाकले. आपल्याकडे मुलीच्या नावावर जमीनसुद्धा जड हातानं होते, आणि इथे पक्षी! तिने ती मालकी अगदी गंभीरपणे घेतली, घरट्यांची रोज फेरी मारू लागली.

१८७२ मध्ये तिचा लाडका भाऊ लिअँडर नदीत बुडाला. दोन वर्षांनी कुटुंब गावात राहायला आलं आणि १८७५ मध्ये आई गेली. जीन तेव्हा अकरा वर्षांची. गावातली शाळा तिला कधी मानवली नाही. शेवटच्या वर्षी बहिणीच्या आजारपणात तिची सेवा करायला म्हणून तिने शाळा सोडली, ती सोडलीच. आपल्या बाई-सरांनी हा परिच्छेद मोठ्या मनाने वाचावा.

१८८६ मध्ये तिचं लग्न चार्ल्स पोर्टर नावाच्या औषध दुकानदाराशी झालं. तो तिच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. पुढच्या वर्षी मुलगी झाली, जीनेट. मग जिनिव्हा नावाच्या छोट्या गावात बिऱ्हाड. या गावाला लागूनच सुमारे १३,००० एकरांची दलदल पसरलेली होती, लिंबरलॉस्ट. रॅटलस्नेक, रुतवणारा चिखल, डास, लाकूड आणि तेलाच्या मागे आलेली माणसं. बायकांनी तिथे जायचं नाही, असं गावाचं ठाम मत. जीन गेली, कमरेला रिव्हॉल्व्हर लावून.

१८९५ च्या सुमारास नवऱ्याने आणि मुलीने तिला कॅमेरा भेट दिला. तेव्हा ती बत्तिशीची. कुणी शिकवणारं नव्हतं. न्हाणीघराच्या दाराच्या फटीत चिंध्या कोंबून तिने डार्करूम केली आणि छापलेले फोटो स्वयंपाकघरात मोठ्या ताटांमध्ये धुतले. एका काचेच्या प्लेटवर एकच फोटो. मी एका सकाळी एका चिमुकल्या वॉर्ब्लरचे चारशे फोटो काढते आणि तीनशे नव्वद उडवून टाकते. तिला अनडू नव्हतं. वजनदार कॅमेरा, प्लेटा आणि तिपाई घेऊन ती चिखलातून जायची, घरट्यासमोर कॅमेरा रोवायची आणि पक्ष्याला सवय होईपर्यंत दिवसेंदिवस नुसती थांबायची. तिचं म्हणणं साधं होतं. पक्षी घाबरलेला असेल, तर तो फोटो त्या पक्ष्याचा नाहीच.

तिच्या कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग गिधाडाच्या पिल्लाचा आहे. दलदलीत एका पोकळ ओंडक्यात काळ्या गिधाडाचं घरटं सापडलं. उन्हाळा, कुजकट वास, आणि वाट म्हणजे चिखल. चार्ल्सने आधी कुरकुर केली आणि मग एकटी कशी जाईल म्हणून स्वतःच सोबत गेला. अंड्यातून आलेल्या कापसासारख्या पांढऱ्या पिल्लापासून ते उडायच्या बेताला येईपर्यंत तिने त्याचे पुन्हा पुन्हा फोटो काढले. गिधाडाच्या पिल्लात सौंदर्य बघणारे तेव्हाही थोडेच असणार.

पतंगांचं मात्र तिला वेडच होतं. आपल्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतली काचेची पेटी आठवते ना, टाचण्या टोचलेली? त्या काळच्या पुस्तकांतली चित्रं अशाच मेलेल्या, पंख ताणून बसवलेल्या पतंगांवरून काढलेली असायची. मेल्यावर पंखांचे रंग उतरतात आणि बसण्याची ढबही जाते. म्हणून जीन कोश घरी आणून ठेवायची, वसंतात पतंग बाहेर पडेपर्यंत वाट बघायची, जिवंत पतंगाचा फोटो काढायची आणि मग त्याच्याकडे बघून फोटोत हाताने जलरंग भरायची. घाई करावीच लागे, कारण सेक्रोपिया किंवा लूना या मोठ्या पतंगांना खायला तोंडच नसतं. अळी असताना खाल्लेल्यावर आठवडाभर जगायचं, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात दिसणारा फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा मून मॉथ हा त्या लूनाचा अगदी सख्खा नातलग आहे. १९१२ साली 'मॉथ्स ऑफ द लिंबरलॉस्ट' छापून आलं.

पण निसर्गाच्या पुस्तकांवर पोट भरत नाही, हे प्रकाशकाला माहीत होतं आणि तिलाही. तिने सौदा केला, एक कादंबरी दिली की पुढचं पुस्तक निसर्गाचं. 'फ्रेकल्स' १९०४ ची, 'अ गर्ल ऑफ द लिंबरलॉस्ट' १९०९ ची, लाखो प्रती खपल्या. दुसरीची नायिका एल्नोरा ही दलदलीकाठची गरीब मुलगी. हायस्कूलची फी आणि पुस्तकांचे पैसे नाहीत, म्हणून ती पतंग गोळा करून विकते. कोणाला? 'पाखरांच्या बाईं'ना, म्हणजे लेखिकेलाच. स्वतःची शाळा राहिली ती तिने कादंबरीतल्या मुलीकडून पुरी करून घेतली, असं मला वाटतं. कादंबऱ्या भाबड्या आहेत, समीक्षक हसायचे. मी दोन्ही एका बैठकीत वाचल्या.

आता अवघड भाग. लिंबरलॉस्ट तिच्या डोळ्यांदेखत संपलं. आधी झाडं गेली, मग तेलविहिरी आल्या, मग वाफेच्या यंत्रांनी चर खणून पाणी काढून दिलं आणि शेती झाली. चार्ल्स गावच्या बँकेचा संस्थापक, त्याच्याही जमिनीवर तेलविहिरी होत्या. कॅमेरे, चौदा खोल्यांचं लाकडी घर, रानात घालवायला लागणारा वेळ, यातलं बरंच त्या पैशावर उभं होतं. 'फ्रेकल्स'चा नायक तर लाकूड कंपनीचाच राखणदार आहे! जमीन सुकवण्याच्या सरकारी कायद्याविरुद्ध ती १९१७ मध्ये उभी राहिली आणि तो कायदा मागेही घेतला गेला, पण लिंबरलॉस्ट तोवर गेलेलं होतं. मी तिला यासाठी दोष देत नाही, पण लपवतही नाही. आपल्यापैकी किती जणांचे फ्लॅट भरलेल्या ओढ्यांवर उभे आहेत, ते आपल्यालाच माहीत.

दुसरी एक गोष्ट मात्र मला माफ करता येत नाही. १९२० च्या सुमारास ती कॅलिफोर्नियाला गेली आणि १९२१ च्या 'हर फादर्स डॉटर' या कादंबरीत जपानी लोकांबद्दल उघड द्वेष लिहिला. मी आशियातून आलेली, व्हिसावर राहणारी बाई. ते पुस्तक अर्ध्यात मिटलं.

लिंबरलॉस्ट सुटल्यावर तिने उत्तरेला सिल्व्हन लेकच्या काठी जमीन घेतली. जिथे जिथे रान तोडलं जात होतं, तिथून रानफुलांचे कंद-मुळं खणून आणली आणि तिथे हजारोंनी लावली. कॅलिफोर्नियात तिने स्वतःची चित्रपट कंपनी काढली. ६ डिसेंबर १९२४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये तिच्या गाडीला ट्रामची धडक बसली आणि ती गेली, एकसष्टाव्या वर्षी. १९९९ मध्ये तिचे आणि जीनेटचे अवशेष तिकडून आणून सिल्व्हन लेकच्या त्या रानात पुरले.

त्याच दशकात जिनिव्हाजवळच्या काही लोकांनी सुकवलेली शेतं परत विकत घ्यायला सुरुवात केली. पाणी काढून नेणारे चर बुजवले, जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळ्या फोडल्या. पहिल्या पावसाळी हंगामात पाणी आपोआप जुन्या जागी येऊन साठलं, आणि पाठोपाठ बगळे आले.