डिक्सबाई



स्मरणिकेत प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी लिहायचे ठरले आहे. मी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मानसिक आरोग्य परिचर्या हा विषय शिकवते. मनोरुग्णांमध्ये वावरताना भीती वाटत नाही का, हे तुमच्यापैकी बहुतेकांनी मला एकदा तरी विचारले आहे. माझे नवे विद्यार्थीही तेच विचारतात. त्यांना मी आधी पुस्तक उघडू देत नाही, एका बाईंची गोष्ट सांगते. त्या ना डॉक्टर होत्या, ना शिकलेल्या परिचारिका. त्या शाळेतल्या बाई होत्या, म्हणून शाळेच्या या अंकात त्यांना जागा मिळावी असे वाटले.

डोरोथिया डिक्स यांचा जन्म ४ एप्रिल १८०२ रोजी, अमेरिकेतल्या आजच्या मेन राज्यातील हॅम्पडेन गावी झाला. वडील फिरते धर्मोपदेशक होते. घरात स्थैर्य नव्हते आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी अंगावर होती. साधारण बाराव्या वर्षी त्या बॉस्टनला आजीच्या आश्रयाला आल्या. आपण आठवी-नववीत वह्यांना कव्हरे घालत होतो त्या वयात, म्हणजे चौदाव्या वर्षी, त्यांनी वूस्टर येथे लहान मुलांची शाळा काढली. १८२१ साली बॉस्टनमध्ये मुलींची शाळा सुरू केली. १८२४ साली मुलांसाठी सामान्यज्ञानाचे पुस्तक लिहिले, त्याच्या पुढे कितीतरी आवृत्त्या निघाल्या.

पण प्रकृती साथ देईना. छातीचा आजार आणि त्याबरोबर मनाची खोल खिन्नता यांनी १८३६ साली त्या पार खचल्या आणि शाळा बंद करावी लागली. हवापालटासाठी त्या इंग्लंडला गेल्या. लिव्हरपूलच्या रॅथबोन कुटुंबाने त्यांना वर्षाहून अधिक काळ घरच्यासारखे सांभाळले. विद्यार्थ्यांना मी इथे थांबवते. पुढे जिने हजारो मनोरुग्णांची बाजू मांडली, तिला आधी स्वतःला कोणीतरी न कंटाळता, उपदेश न करता जपले होते.

मार्च १८४१ मध्ये बॉस्टनजवळच्या ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगात स्त्रीकैद्यांना रविवारचा धर्मपाठ शिकवायला त्या गेल्या. तिथे गुन्हेगारांबरोबरच, कोणताही गुन्हा नसलेल्या मनोरुग्ण स्त्रिया कोंडलेल्या होत्या. थंडी कडाक्याची, आणि त्यांच्या कोठड्यांत शेगडीसुद्धा नाही. विचारल्यावर उत्तर मिळाले ते असे की वेड्यांना थंडी वाजत नाही. डिक्सबाई तिथे वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी प्रकरण न्यायालयापर्यंत नेले आणि कोठड्यांत ऊब मिळवून दिली.

मग त्यांनी जे केले ते आमच्या विषयाचा पहिला धडा आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील तुरुंग आणि अनाथ-गरिबांची आश्रयगृहे त्यांनी एकामागून एक पालथी घातली. वहीत गाव, ठिकाण आणि रुग्णाची अवस्था लिहून घेतली. कोणी पिंजऱ्यात होते, कोणी तळघरात, कोणी साखळीने बांधलेले, कोणाच्या अंगावर कपडे नाहीत. निरीक्षण आणि नोंद! आजही वॉर्डात विद्यार्थिनीने रुग्ण विचित्र वागतो असे लिहिले, तर मी ते खोडायला लावते. तो किती तास झोपला, काय खाल्ले, कोणाशी बोलला, ते लिही म्हणते. विशेषणांपेक्षा नोंदीला वजन असते. त्या नोंदींचे निवेदन जानेवारी १८४३ मध्ये विधिमंडळापुढे आले. स्त्रीला मताचाही हक्क नसल्याने ते सॅम्युएल ग्रिडली हॉवे यांनी सादर केले. आधी आरडाओरड झाली, आरोप झाले. शेवटी वूस्टरचे मनोरुग्णालय वाढवायला पैसे मंजूर झाले.

मग राज्यामागून राज्य. न्यू जर्सीतील ट्रेंटनचे रुग्णालय १८४८ साली उघडले. त्याच वर्षी उत्तर कॅरोलिनात रुग्णालयाचा ठराव खर्चाच्या कारणाने पडला होता. डिक्सबाई उतरल्या होत्या त्याच हॉटेलात जेम्स डॉबिन या सदस्याची पत्नी आजारी होती. बाई तिची शुश्रूषा करत राहिल्या. जाता जाता तिने नवऱ्याकडे या रुग्णालयासाठी बोलण्याचे वचन मागितले. पत्नीच्या निधनानंतर डॉबिन सभागृहात आले, बोलले आणि ठराव मंजूर झाला. रुग्णालयाला आपले नाव द्यायला मात्र बाईंनी नकार दिला.

एकूण तीसहून अधिक रुग्णालये उभी राहण्यात किंवा वाढण्यात त्यांचा हात होता. पण त्यांचे सगळेच जमले असे नाही. मनोरुग्ण आणि अंध-मूकबधिरांसाठी सुमारे १ कोटी २२ लाख एकर सरकारी जमीन राखण्याचे विधेयक १८५४ साली दोन्ही सभागृहांत मंजूर झाले आणि राष्ट्राध्यक्ष पिअर्स यांनी ते नाकारले. यादवी युद्धात त्या लष्करी परिचारिकांच्या प्रमुख झाल्या. वय पस्तिसाच्या वर हवे, पोशाख साधा हवा, दागिने नकोत, असे त्यांचे कडक नियम होते. डॉक्टरांशी खटके उडाले आणि १८६३ साली त्यांचे अधिकार कमी करण्यात आले. गुलामगिरीविरुद्ध मात्र त्या उभ्या राहिल्या नाहीत, हेही मी वर्गात सांगते.

सर्वांत कठीण भाग शेवटचा. माणुसकीसाठी उभी केलेली ती रुग्णालये त्यांच्या हयातीतच गच्च भरू लागली. इमारत होती, पण रुग्णाशेजारी बसायला शिकलेले माणूस नव्हते. १८८२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या मॅक्लीन रुग्णालयात मनोरुग्णांच्या परिचारिकांसाठी शाळा निघाली, ती ही उणीव भरून काढायला. पुढे १९५२ साली हिल्डगार्ड पेपलाऊ यांनी परिचारिका आणि रुग्ण यांच्यातले नाते हाच उपचाराचा गाभा आहे, हे शास्त्र म्हणून मांडले. इंजेक्शन दोन मिनिटांचे, नाते मात्र रोज थोडे थोडे बांधावे लागते. भीतीच्या प्रश्नाला माझे उत्तर हेच. ओळख झाली की भीती उरत नाही.

डिक्सबाईंनी १८८१ पासूनची अखेरची वर्षे ट्रेंटनच्या त्यांच्याच रुग्णालयात, दिलेल्या खोलीत काढली. १७ जुलै १८८७ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

आपल्या राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी आहे. पण घरातली मागची खोली कोणत्या कायद्याला दिसणार? आपण आता अशा वयात आहोत की कोणाच्या आईवडिलांना विस्मरण, कोणाच्या मुलाला नैराश्य, आणि कोणाला स्वतःलाच रात्र रात्र झोप नाही. ग्रुपवर आपण गुडघेदुखीवर तासभर बोलतो, यावर कोणी चकार शब्द काढत नाही. तो काढा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते. आणि आपल्यातल्याच कोणाशी आधी बोलावेसे वाटले, तर माझा नंबर ग्रुपवर आहेच.